आधी काटा, मग प्लाय : घरच्या जीपच्या मागच्या भागाचं एक प्रकरण

मृग लागून चार दिवस झाले होते. केजच्या मोंढ्यातून खत-बियाणं भरून मी गावाकडे निघालो होतो. मागे डीएपीच्या सहा बॅगा, युरियाच्या दोन आणि सोयाबीन बियाण्याच्या दोन. माझ्या शेजारी माय आणि मधल्या सीटवर थोरली लेक. गावाच्या अलीकडे पुलाच्या उतारावर एक वासरू अचानक आडवं आलं. मी ब्रेक दाबला. वासरू वाचलं, गाडीही सरळ रेषेत थांबली. पण त्याच क्षणी मागून धप्प असा आवाज झाला आणि मधल्या सीटची पाठ खटक्यातून निसटून लेकीसकट पुढे झुकली. बेल्ट लावलेला होता म्हणून ती समोरच्या सीटवर आदळली नाही. खांद्यावर बेल्टचा वळ मात्र आठवडाभर होता.

घरी आल्यावर मी खत उतरवलंच नाही. नेमकं काय झालं हे मला आधी समजून घ्यायचं होतं. त्या दिवसापासून पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, या गाडीवर जे काम केलं त्याचा हा सविस्तर वृत्तांत आहे. आमच्या भागात कित्येक घरांत हीच गाडी लेकरांना शाळेत सोडते, म्हाताऱ्या माणसांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेते आणि त्याच दिवशी शेतात खतही नेते. म्हणून आकड्यांसकट लिहितो आहे.

गाडीच्या कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आमच्याकडे अशा सगळ्याच गाड्यांना जीप म्हणतात. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी आणि वर बॉडी बसवलेली, मागे पाट्यांच्या कमानी (स्प्रिंगा), डिझेल इंजिन, गरज पडली तर चारही चाकांना जोर देता येतो. मागच्या भागातल्या समोरासमोरच्या सीट घडी घालून बाजूला उभ्या राहतात. शेत ओढ्याच्या पलीकडे आहे आणि रस्ता काळ्या मातीतला. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला गुळासारखी चिकटते, पाऊस उघडला की सिमेंटसारखी घट्ट होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खत तसंच ठेवून, मायला आणि लेकीला त्यांच्या त्यांच्या जागी बसवून मी गाडी वजनकाट्यावर नेली. मायला हे काही पटलं नाही. "माणसाचं बी वजन करायलास का आता?" असं म्हणत ती बसली. पण हे सगळं मी केलं नसतं तर पुढचं कुठलंही काम बरोबर झालं नसतं.

आधी पूर्ण गाडी तोलली : २,५३५ किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून : १,०२५. मग फक्त मागची : १,५१०. लेकीने तिन्ही आकडे वहीत लिहून घेतले. आमच्या गाडीच्या पुस्तकात मालासकट जास्तीत जास्त वजन २,४२० किलो आणि मागच्या धुऱ्यावर, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलवर, जास्तीत जास्त १,४२० किलो दिलेलं आहे. म्हणजे एकूण वजन ११५ किलोने जास्त होतं आणि मागच्या धुऱ्यावरचं ९० किलोने. गाडीत माणसं फक्त तीन.

दुपारी खत उतरवून रिकामी गाडी परत तोलली तेव्हा मी जास्त हादरलो. कागदावर गाडीचं रिकामं वजन १,७४५ किलो. काटा दाखवत होता १,९१५. म्हणजे एकही माणूस न बसता, एकही पोतं न टाकता १७० किलो आम्ही वर्षानुवर्षं फुकट वाहत होतो. घरी येऊन एकेक वस्तू काढून धान्याच्या काट्यावर ठेवली. मागच्या तळाला टाकलेला नक्षीचा लोखंडी पत्रा अँगलसकट ४२ किलो. अवजारांची लोखंडी पेटी ५८ किलो. टपावरचा कॅरियर ३८ किलो. उरलेले ३२ किलो म्हणजे साखळ्या, दोन जॅक, जुना पंप, तुटलेले नळ, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं.

हा पत्रा आणि पेटी २०१६ च्या उन्हाळ्यात बसवली होती. त्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आम्हीही २०० लिटरचा ड्रम घेतला आणि तो जीपमध्ये ठेवून रोज शेतातल्या विहिरीवरून पाणी आणू लागलो. ड्रमने तळ चेपू नये म्हणून पत्रा टाकला. त्या वेळी ते गरजेचं होतं. पुढे पाऊस झाला, ड्रम गोठ्यात गेला, पत्रा मात्र गाडीतच राहिला.

काट्यावरून परत येताना आणखी एक गोष्ट कानावर आली. चाळीसच्या पुढे गेलं की मागून जात्यासारखी घरघर ऐकू येत होती. भरलेल्या गाडीत पोत्यांच्या दबावाखाली ती झाकली जात असावी.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. जॅक थेट फरशीवर लावला तर ती तडकते आणि मातीवर लावला तर जॅक खचतो. म्हणून बाभळीचा जाड ठोकळा खाली ठेवून गाडी उचलली, चेसिसखाली दोन घोडे (लोखंडी टेकू) लावले, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली मी शिरत नाही आणि घरातल्या कुणालाही शिरू देत नाही. या बाबतीत मी कुणाचं ऐकणार नाही.

मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे धुऱ्याच्या मधल्या दातेरी चाकांच्या पेटीला, दोन बूच असतात : वरचं तेल भरायचं, खालचं सोडायचं. नेहमी वरचं आधी उघडायचं. खालचं उघडून सगळं तेल सोडून दिलं आणि मग वरचं बूच गंजून बसलंय असं कळलं, तर गाडी तिथेच अडकते. वरचं सुटलं, मग खालचं सोडलं. परातीत जे पडलं ते तेल म्हणवत नव्हतं. पातळ ताकासारखं पांढुरकं, वर बारीक फेस. बोटावर घेऊन चोळलं तर तेलाचा चिकटपणा नव्हता, ओलसर घसरण होती. खालच्या बुचाच्या चुंबकाला राखाडी लोणी चिकटलेलं होतं. इतकं चालतं, कारण दात एकमेकांवर घासून बारीक भुकटी होतेच. तुकडे सापडले असते तर काम मोठं होतं. तुकडे नव्हते.

पाणी आत कसं गेलं याचं उत्तर धुऱ्याच्या वरच्या अंगाला होतं. तिथे बोटाच्या पेराएवढी एक टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की धुऱ्यातलं तेल तापतं, आतली हवा फुगते आणि या टोपीतून बाहेर पडते. गार झालं की हवा परत आत येते. आमची टोपी काळ्या मातीने पक्की लिंपून गेली होती. आता असं बघा : गाडी रस्त्यावर चालून धुरा तापलेला आहे, आणि तसाच तो ओढ्याच्या गार पाण्यात उतरतो. आतली हवा एकदम आकसते. वरून हवा मिळत नाही, मग ती चाकाच्या बाजूच्या सीलमधून ओढली जाते, आणि सील त्या वेळी पाण्यात बुडालेलं असतं. दर पावसाळ्यात थोडं थोडं पाणी असं आत गेलं. पाणी मिसळलेल्या तेलात डाव्या चाकाचं बेअरिंग घासत राहिलं. तीच ती घरघर.

बेअरिंग दाबून काढायला प्रेस लागतो, तो घरी नाही. ते काम मिस्त्रीकडून करून घेतलं, दोन्ही बाजूंची सीलं नवी टाकली. तेल मात्र मी घरीच भरलं. पुस्तकात सांगितलेलं गिअर तेल, जीएल-५, ८० डब्ल्यू ९०. भरून शंभरेक किलोमीटर चालवलं, परत सोडलं, मग पुन्हा नवं भरलं. पहिल्या भरण्यात कोपऱ्याकापऱ्यातलं पाणी निघून येतं, त्यामुळे एवढ्या तेलाचा लोभ धरू नये. ब्रीदरची टोपी काढून त्या जागी डिझेलला टिकणारी ८ मिलिमीटरची रबरी नळी जोडली आणि तिचं टोक मागच्या दिव्याच्या आतल्या पोकळीत, पाणी पोचणार नाही इतकं उंच नेऊन खाली वळवलं. नळीला ढील ठेवावी लागते, कारण खड्ड्यात धुरा वरखाली होतो. ताठ बांधली तर पहिल्याच खड्ड्यात उपटून येते. या कामाला दीडशे रुपयेही लागले नाहीत. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं काम हेच. ओढा ओलांडणाऱ्या प्रत्येक गाडीला ते हवं.

आता कमानी. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वर बॉडीच्या कडेपर्यंत माप घेतलं. उजवीपेक्षा डावी बाजू साडेतीन सेंटिमीटर खाली होती. ड्रम आणि पेटी दोन्ही वर्षानुवर्षं डावीकडेच. चिखल खरवडून तारेच्या ब्रशने पाटे साफ केले तेव्हा दिसलं की डाव्या बाजूचा दुसरा पाटा मधोमध, सेंटर बोल्टच्या भोकातच तुटलेला आहे. पाटा तिथेच का तुटतो? धुरा आणि पाटे यांना आवळून धरणारे यू बोल्ट ढिले झाले, की मधला भागही वाकू लागतो. खरं तर तो अजिबात हलता कामा नये. भोकामुळे तिथे लोखंड कमी असतं, तिथेच तडा जातो. म्हणजे वजन जास्त झालं हे एक कारण, आणि आम्ही यू बोल्टला वर्षानुवर्षं पाना लावला नाही हे दुसरं.

मिस्त्रीने लगेच तोडगा सांगितला, "सर, एक पाटा वाढवूनच टाकू दोन्हीकडं. मग टाका दहा पोते, वाकायची न्हाई." माझ्या वडिलांना, अण्णांनाही, ते पटलं. "टाक की. लोकाच्या गाड्या बघ कशा भरून चालल्यात."

मी नाही म्हणालो, आणि का ते इथे जरा थांबून सांगतो, कारण हा पाटा वाढवायचा प्रकार आमच्या भागात सर्रास चालतो. पाटा वाढवल्याने गाडीची पाठ वर राहते, एवढंच. धुऱ्याची, बेअरिंगची, टायरची, ब्रेकची ताकद त्याने एक किलोनेही वाढत नाही. उलट आपल्याला जागं करणारी खूण, म्हणजे खाली बसलेली पाठ, ती दिसेनाशी होते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. आमच्यासारख्या बऱ्याच गाड्यांत मागच्या धुऱ्याजवळ एक व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा धुऱ्याला जोडलेला असतो. वजन पडून बॉडी खाली बसली की दांडा वळतो आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब जाऊ देतो. गाडी रिकामी असली की कमी, नाहीतर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल. आता जादा पाट्यामुळे भरलेली गाडीही वरच राहिली, तर व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. भरलेल्या गाडीला मागचा ब्रेक अर्धवट मिळतो. मागे पाच क्विंटल आणि समोर वासरू असताना हे मला नको होतं.

तुटलेल्या पाट्याच्या जागी तसाच पाटा टाकला, शॅकलचे, म्हणजे पाट्यांच्या टोकाच्या हलत्या जोडाचे, बुश बदलले, यू बोल्ट नवे घेतले. नवे यू बोल्ट आवळल्यावर पाचशे किलोमीटरने परत आवळायचे असतात, आणि गाडी चाकांवर उभी असताना, उचललेली असताना नाही. परत आवळले तेव्हा प्रत्येक नट जवळजवळ पाऊण आटा फिरला.

बाकीची देखभाल नेहमीचीच. क्रॉसला (चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याच्या सांध्याला) ग्रीस, डिझेल फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी सोडणं, ब्रेक ऑइल बदलणं. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालायची सवय तेवढी मोडली. आमच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या भांड्याला पांढरा थर येतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. आता तयार मिसळलेलं कूलंट आणतो. आणि एअर फिल्टर कॉम्प्रेसरने साफ करताना हवा आतून बाहेर मारायची, तीही जपून. बाहेरून जोरात मारली की धूळ कागदात आणखी खोल जाते.

पावसाळा डोक्यावर होता म्हणून त्या जूनमध्ये एवढ्यावरच थांबलो. पत्रा, पेटी, कॅरियर काढून टाकले आणि खताच्या खेपा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने केल्या. मागच्या भागाचं खरं काम पुढच्या एप्रिलमध्ये केलं.

पत्रा काढला तेव्हाच खाली काय आहे ते दिसलं होतं. पत्र्याच्या पन्हाळीत पांढऱ्या खड्यांची रेघ, तिच्याखाली पापुद्रे सुटलेला गंज, आणि डाव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी दोन भोकं. फाटक्या पोत्यातून सांडलेलं खत पत्र्याखाली जाऊन बसलं होतं. खत हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडे आठ महिने ऊन आणि धूळ, त्यामुळे गाडीला गंज धरत नाही अशी आपली समजूत असते. पण पत्र्याखाली खताचं मीठ असलं की तिथे बारा महिने ओल असते. पोटॅशमध्ये तर क्लोराइड असतं, ते लोखंडाला समुद्राच्या खाऱ्या हवेसारखंच खातं. तळाला पाणी निघून जाण्यासाठी मुळातच भोकं दिलेली असतात, तीही पत्र्याने झाकली गेली होती.

तीन दिवस रोज तळ धुऊन उन्हात वाळवला. मग तारेच्या ब्रशने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासला. खोल खळग्यांत गंज पालटणारं औषध लावलं. त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, म्हणून हातमोजे आणि चष्मा घालूनच. दोन भोकांवर मिस्त्रीने पत्र्याची ठिगळं लावली. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी मी स्वतः सोडल्या. मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि रंगाचे दोन. रंग सकाळी सहा ते आठमध्येच दिला. एप्रिलच्या दुपारी पत्रा इतका तापतो की रंग टेकायच्या आत वाळतो आणि नीट धरत नाही.

तळावर आता काय टाकायचं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अण्णा म्हणाले, "लोखंड ते लोखंड. लाकडाला वाळवी लागंल." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आमच्या माळवदाच्या तुळया वाळवीनेच गेल्या. पण आयएस ७१० या भारतीय मानकाच्या छापाचा मरीन प्लाय कीड लागू नये म्हणून औषध मुरवूनच बनतो आणि त्याचा डिंक पाण्यात सुटत नाही. शिवाय हिशेब सरळ होता. ३ मिलिमीटर लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो, १२ मिलिमीटरचा प्लाय आठ किलोच्या आसपास. आमचा तळ प्लायमध्ये १३ किलोत झाला. त्याच्या खाली रबराच्या पट्ट्या लावल्या, म्हणजे तळ आणि प्लाय यांच्यामध्ये बोटभर वारा खेळतो. चार मोठ्या हाती फिरवायच्या नटांनी तो बसवला आहे. महिन्यातून एकदा लेक आणि मी तो उचलून बाहेर काढतो, खालचा तळ झाडतो, परत बसवतो. दहा मिनिटांचं काम.

गाडीच्या बॉडीला एकही नवं भोक पाडायचं नाही, असं आधीच ठरवलं होतं. एक कारण गंज. दुसरं कायदा : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. म्हणून सीटही काढल्या नाहीत, नोंदणीत जितक्या तितक्याच आहेत. जे काही बसवलं ते कंपनीने दिलेल्या बोल्टच्या जागांवरच, आणि पान्याने सुटेल असं.

आता माल बांधण्याचं. त्या दिवशी मागे ४५० किलो माल सुटा होता. कोरड्या डांबरावर ब्रेक पक्का दाबला की मालाच्या वजनाच्या ०.८ पट जोर पुढे येतो, असं धरून चालतात. मालवाहतुकीसाठी युरोपात जे मानक आहे त्यातही पुढच्या बाजूला ०.८ आणि बाजूला-मागे ०.५ पट धरूनच माल बांधायला सांगितलं आहे. म्हणजे लेकीच्या सीटच्या पाठीवर ३६० किलोचा रेटा आला. सीटच्या खटक्यात धूळ आणि सरकीचा कचरा बसून तो अर्धाच अडकला होता. खटका डिझेलने धुऊन, तेल देऊन साफ केला, आणि आता सीट उभी केल्यावर हाताने ओढून बघायची सवय सगळ्यांना लावली.

मधल्या सीटच्या मागे २५ मिलिमीटर चौकोनी पाइपाची चौकट आणि त्यात तारेची जाळी बसवली, वजन नऊ किलो. ही जाळी पोतं अडवायला नाही. कुदळ, पाना, पाण्याचा जार असं उडून पुढे येणारं सामान अडवायला आहे. पोत्यांना बांधायचे कडे सीट जिथे तळाला आवळलेली असते त्या जाड बोल्टवर बसवले आणि त्यांना रॅचेटचे पट्टे लावले. सुताची दोरी भिजून वाळली की ढिली पडते. रॅचेट पट्टा दोन खटक्यांत ताणता येतो. बॅगा सीटच्या पाठीला टेकवून, आडव्या, मध्ये फट न ठेवता रचायच्या, मग पट्टे. मागच्या दाराशी ठेवलेली बॅग धुऱ्याच्या मागे लोंबते, पुढची चाकं हलकी करते, आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत मारतात. पाण्याचा ड्रम आता नाहीच. अर्धा भरलेला ड्रम वळणावर स्वतःच गाडीला ढकलतो. पाणी न्यायचंच असेल तर २० लिटरचे जार, काठोकाठ भरून.

लोखंडी पेटीच्या जागी प्लायचा उथळ खोका आला, आठ किलोचा. अवजारं निवडून १४ किलोवर आणली. एका गोष्टीवर बायको अडून बसली आणि ती अगदी बरोबर होती : कपाशीच्या फवारणीचं औषध या गाडीत न्यायचं नाही. झाकण घट्ट असलं तरी बंद काचांच्या गाडीत वास येतो, म्हणजे लेकरांच्या नाकात जातो. सांडलं तर प्लायमध्ये मुरतं. औषध आता मोटारसायकलच्या डिक्कीत, वेगळ्या डब्यात जातं.

काम संपल्यावर गाडी परत काट्यावर नेली : १,७९५ किलो. आधी १७० किलो जादा होतं, आता ५०. खर्चाचा हिशेब लेकीच्या वहीत आहे : तेल ७००, बेअरिंग-सील-मजुरी २,६००, पाटा २,२००, बुश ९००, यू बोल्ट ८००, प्रायमर आणि रंग १,८५०, प्लाय २,४००, पट्टे आणि कडे २,१००, जाळी आणि वेल्डिंग १,९५०. एकूण १५,५०० रुपये. पत्रा, पेटी आणि कॅरियर मिळून १३८ किलो भंगार ३० रुपयांनी गेलं, त्याचे ४,१४० आले.

पावसाळ्यात ओढा सतरा वेळा ओलांडला. लेक मोजत होती. शेतातून आल्यावर त्याच संध्याकाळी चाकांच्या आतली माती काढायचा नेम ठेवला. रिमच्या आत एका बाजूला माती वाळून बसली की सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस उगाच अलाइनमेंटला पैसे घालतो. दिवाळीत डिफरन्शियलचं वरचं बूच उघडून करंगळी घातली : तेल मधासारखं, स्वच्छ. घरघर गेली आहे. डाव्या-उजव्या बाजूच्या उंचीत आता अर्ध्या सेंटिमीटरचा फरक आहे.

एक चूक माझ्याकडून झाली. प्लायच्या कडा मी तीन हात इपॉक्सीने बंद केल्या, पण नटांसाठी पाडलेल्या चार भोकांच्या आतल्या कडा तशाच राहिल्या. त्यातल्या मागच्या दोन भोकांपाशी पाणी मुरून प्लाय फुगला आहे. नखाने दाबलं तर मऊ लागतं. येत्या उन्हाळ्यात तेवढा भाग कोरून, इपॉक्सी भरून, भोकं परत पाडणार आहे.

वजनाचा हिशेब मी आणि लेकीने मिळून केला. आम्ही घरचे सगळे मिळून २७१ किलो. कागदावर त्यानंतरही सात बॅगा बसतात, पण मागच्या धुऱ्यावर मग तीसेक किलोच शिल्लक राहतात, आणि आमचा रस्ता पांदणीचा आहे. म्हणून पाच धरल्या. दोघेच असलो तर नऊ बसतात, आठ धरल्या. अण्णांनी गोठ्यातला उरलेला लाल रंग आणला आणि मागच्या दाराच्या आतून ठळक अक्षरांत लिहिलं : घरचे सगळे, ५ बॅगा. दोघे, ८ बॅगा.

याच वर्षीच्या मृगात आम्ही सगळे केजला गेलो होतो, लेकरांची पुस्तकं घ्यायची होती. आठ बॅगा घेतल्या. हमाल सहावी बॅग खांद्यावर घेऊन आला, तेव्हा अण्णा मागच्या दाराशीच उभे होते. "पाचच टाक," ते म्हणाले. "लेकरं हायेत गाडीत. तीन ठेव दुकानात, सांजच्याला मी न् हा येऊन नेतो."

सांजच्याला आम्ही दोघं परत गेलो.